टँगो शिकताना आधी काय? वजन कुठल्या पायावर आहे, ते

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘वय 43. गणपतीच्या मिरवणुकीपलीकडे आयुष्यात कधी नाचलो नाही. तीन महिने आर्जेन्टाइन टँगोच्या क्लासला जातोय. आठ पावलांचं बेसिक पाठ आहे, ओचो (आठचा आकडा काढत वळणं) येतो, क्रॉसही (एका पायासमोर दुसरा आडवा घेणं) येतो. पण परवा पहिल्यांदा मिलोंगाला (टँगो नाचायच्या कार्यक्रमाला) गेलो आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावलालाच सगळं विस्कटलं. समोरची बाई चांगली नाचणारी होती, म्हणजे चूक माझीच. घरी सरावाला जोडीदार नाही. मुळापासून सुरुवात कशी करू?’

तुम्ही पावलं विसरलात म्हणून हा गोंधळ झालेला नाही. न बघताही मी पैजेवर सांगते काय झालं ते. तुम्ही डावीकडे पाऊल टाकलंत. ती उजव्या पायावर येऊन पोचायच्या आत पुढचं पाऊल उचललंत. तिचं वजन राहिलं दोन पायांच्या मध्ये. तिने सावरायला पाय बदलला आणि तुमच्या डोक्यातला जो पाय मोकळा होता, तोच आता तिचा भार घेऊन उभा होता. त्या पायाला हलवायला गेलात की ती खांबासारखी घट्ट लागणारच. मग आठ पावलं पाठ असोत की ऐंशी, उपयोग शून्य.

मी गेली 14 वर्षं टँगो शिकवते. त्याआधी बरीच वर्षं फॉलोअर म्हणून, म्हणजे समोरचा नेईल तशी नाचले, मग लीड करायला, म्हणजे समोरच्याला न्यायला शिकले. नवशिक्यांच्या दहापैकी आठ अडचणी या एकाच ठिकाणी येऊन थांबतात: माझं वजन कुठल्या पायावर आहे आणि समोरच्याचं कुठल्या. हे कळलं की ओचो, क्रॉस, वळसा हे सगळं त्यातूनच निघतं. म्हणून पुढचे दोन महिने तरी बाकी सगळं बाजूला ठेवा.

आधी त्या आठ पावलांचा निकाल लावू. क्लासमध्ये ती शिकवतात कारण वीस माणसांना एकाच वेळी हलवायला ती सोयीची पडतात. शिकवायला मीही वापरते. पण त्यांतलं पहिलंच पाऊल लीडरने उजवा पाय मागे टाकण्याचं असतं आणि मिलोंगात सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरत असतात. त्या गोलाला रोंदा म्हणतात. रोंद्यात मागे पाऊल टाकणं म्हणजे लक्ष्मी रोडवर संध्याकाळी सहाला रिव्हर्स घेणं. मागच्या जोडीच्या पायावर टाच बसते आणि तिथेच तुमची रात्र संपते. ब्युनोस आयर्समधले जुने नाचणारे सांगतात की त्यांनी आकडे मोजून काही शिकलंच नाही. प्राक्तिका म्हणजे सरावाच्या बैठकीत पुरुष पुरुषांबरोबर नाचायचे. नवा पोरगा आधी कित्येक महिने दुसऱ्याच्या हाताखाली मागे-मागे चालायचा आणि मग कुठे त्याला लीड करायला मिळायचं. मुलगी नाही म्हणून ही पद्धत आली असं म्हणतात, पण तिचा फायदा भलताच झाला: समोरच्याच्या पायात वजन कसं येतं-जातं हे त्यांना स्वतःच्या अंगावर कळलेलं असायचं. तुम्हीही क्लासमध्ये फॉलो करून बघा. पुरुष मंडळी लाजतात, ‘मला कशाला’ म्हणतात. पण महिन्याभराने त्यांचंच लीड सुधारलेलं मी दर वर्षी पाहते.

आता घरचा सराव. जोडीदार नाही ही तक्रार नको, पहिल्या दोन महिन्यांचं काम एकट्यानेच करायचं आहे.

अनवाणी उभे राहा, पाय जुळवून. सगळा भार डाव्या पायावर न्या. खरंच सगळा. उजव्या पायाखालून वर्तमानपत्राचा कागद न फाटता सरकवता आला पाहिजे, पण पाय जमिनीला टेकलेलाच हवा, उचललेला नको. मग उजव्यावर. डोकं हलता कामा नये, खांदा झुकता कामा नये. बघणाऱ्याला वाटावं हा माणूस नुसता उभा आहे. हे सोपं वाटतं. आधी वीस वेळा करा आणि मग आरशात स्वतःकडे बघा, बहुतेक जण कंबर बाहेर काढून बसस्टॉपवर ताटकळल्यासारखे उभे असतात. बसमध्ये दांडा धरून उभे असाल तेव्हाही हे करता येतं, कोणाला कळतही नाही.

मग चालायचं. घरातल्या फरशीचा सांधा धरा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय. एक पाऊल टाकायचं ते तीन टप्प्यांत. आधी छातीने ठरवायचं, म्हणजे शरीर किंचित पुढे कललं की मोकळा पाय आपोआप कंबरेपासून सुटतो. मग पाय पोचतो, पण त्यावर भार अजून नाही. शेवटी मागच्या पायाने जमीन ढकलून सगळा भार पुढच्यावर. आणि मागचा पाय घोट्याला घोटा लागेल असा जवळ येऊन थांबतो, मोकळा. इथे पाच सेकंद उभे राहा. डुगडुगलात तर भार अर्धवट आला आहे. पुढे दहा पावलं, मागे दहा पावलं. मागे चालताना अंगठा आधी मागे जातो, टाच शेवटी टेकते. गुडघे सैल, पण वाकवून बसल्यासारखे नाहीत.

रोज पंधरा मिनिटं. कंटाळा येईल, येऊ द्या.

इथे मी स्वतः कशी अडकले ते सांगते, कारण कथक किंवा भरतनाट्यम शिकलेल्या बऱ्याच मुलींचं तेच होतं. मी कथक दहा-बारा वर्षं केलं होतं. वाटलं, पाय तयार आहेत, लय तयार आहे, टँगो चुटकीसरशी येईल. पण कथकमध्ये पाय जमिनीवर वाजतो आणि नाचणारी स्वतःची मालकीण असते. टँगोत मी लीडरने सुचवायच्या आधीच पाऊल पुरं करून बसायचे, तेही ठोकून. माझ्या शिक्षकाने एकदा संगीत बंद केलं आणि मला फक्त उभं केलं. म्हणाला, ‘आता मी काहीच करणार नाही, तू पण करू नकोस.’ मिनिटभर आम्ही एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन नेत राहिलो. त्या मिनिटात मला पहिल्यांदा कळलं की समोरच्याच्या छातीतून त्याच्या पायाची बातमी येते. माझी दहा वर्षांची तयारी वाया गेली नाही, पण तिला थांबायला शिकवण्यात एक वर्ष गेलं. कधीच न नाचलेल्या माणसाला हे विसरण्याचं काम नसतं. तुमचं तेवढं बरं आहे.

त्या मिनिटाचा उपयोग तुम्हाला मिलोंगात करायचा आहे. गाणं सुरू झालं की ताबडतोब निघू नका. जागेवरच तिच्याबरोबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वजन न्या, अगदी थोडंसं. ती कुठल्या पायावर आहे याची खात्री झाली की डावीकडे पाऊल टाका आणि ती पोचेपर्यंत थांबा. मग पुढे. प्रत्येक पावलात हीच वाट बघायची. तिचा पाय जाऊन पोचणं, त्यावर भार येणं, या गोष्टीला वेळ लागतो आणि तो वेळ द्यायचं काम लीडरचं.

पुढे कधीतरी तुम्ही तिला न हलवता फक्त स्वतःचं वजन बदलायला शिकाल. मग तुमचे दोघांचे एकाच बाजूचे पाय चालायला लागतात, म्हणजे तुमचा उजवा आणि तिचाही उजवा. याला क्रॉस सिस्टीम म्हणतात, आणि मागे जात करायच्या ओचोसाठी ती सोयीची असते. सध्या ती तुमच्याकडून चुकून होते आहे, एवढाच फरक.

मिठीबद्दल. टँगोतल्या पकडीला स्पॅनिशमध्ये आब्रासो म्हणतात, म्हणजे मिठीच, दुसरा शब्द नाही. आपल्याकडे परक्या बाईला किंवा पुरुषाला मिठीत घेऊन तीन मिनिटं चालायचं म्हटलं की घाम फुटतो. पुण्यात मूठभर लोक नाचतात, त्यातले अर्धे पहिल्या महिन्यात याच कारणाने गळतात. माझं मत असं की सुरुवात थोडं अंतर ठेवून करा, लाज संपवायची घाई नको. लीडरचा उजवा हात तिच्या पाठीभोवती, डाव्या हातात तिचा उजवा हात, दोघांत जो बुटका असेल त्याच्या डोळ्यांच्या आसपासच्या उंचीला. हा डावा हात काहीही करत नाही. तो हापशासारखा वर-खाली चालवणारे लीडर मी इतके पाहिले आहेत की मोजणं सोडून दिलं. दिशा छातीतून जाते. हाताने ढकललंत की तिचा तोल जातो आणि तोल गेला की पुन्हा वजनाचा घोळ.

फुगडी आठवते? तिथे दोघी मागे रेलतात आणि एकीने हात सोडला की दुसरी आपटते. टँगोच्या काही जवळच्या शैलींत दोघं एकमेकांकडे झुकतात खरे, पण तिथेही प्रत्येकाने आपल्या पायावर उभं राहता आलं पाहिजे. शिकत असताना तर नक्कीच. मी वर्गात अधूनमधून ‘सोडा’ म्हणते आणि दोघांनी हात काढायचे. जो पडतो, त्याने पुन्हा फरशीच्या सांध्यावर जायचं.

घामाचं म्हणाल तर ब्युनोस आयर्समधले नेहमीचे नाचणारे एक जादा शर्ट बरोबर आणतात आणि मध्येच बदलून येतात. पुण्याच्या मे महिन्यात दोन आणा. आणि जायच्या आधी कांदा घातलेली भेळ खाऊ नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

ओचो तुम्हाला येतो म्हणालात. ओचो म्हणजे स्पॅनिशमध्ये आठ, फॉलोअरच्या पायांनी जमिनीवर निघणारा आठचा आकडा. तो पाऊल, वळण, पाऊल, वळण असा असतो. वळताना सगळा भार एका पायाच्या पुढच्या भागावर हवा आणि कंबरेच्या वरचं शरीर लीडरकडे राहून खालचं फिरायला हवं. भार दोन पायांत वाटलेला असताना वळलं की पीळ गुडघ्यात जातो. रबरी तळव्याचे बूट घालून वळलं तरी तेच. गुडघा दुखला म्हणून टँगो सोडणारी माणसं मला माहीत आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचे बूट स्पोर्ट्स शूज होते. घरी ओट्याला किंवा खुर्चीच्या पाठीला दोन्ही तळवे टेकवून खांदे स्थिर ठेवा आणि फक्त कंबर फिरवा, जेवढी सहज फिरते तेवढीच. वळसा, ज्याला हिरो म्हणतात, तो याच्या नंतर. लिहिताना इंग्रजी ‘जी’ असतो, पण उच्चार हिरो. वर्गात दर बॅचला या शब्दावर एकदा हशा होतो, मग ‘हिरो नीट घ्या’ असं मी गंभीर चेहऱ्याने म्हणू शकते. गांचो, बोलेओ वगैरे पाय उडवायचे प्रकार पहिल्या वर्षी शिकू नका. गर्दीत टाच कोणाच्या नडगीत बसेल सांगता येत नाही.

संगीत. आपला कान ठेका शोधतो. तबला नाही, ढोलकी नाही, मग सम कुठे? जुन्या टँगो वाद्यवृंदात ड्रम सहसा नसतात. बांदोनेऑन, व्हायोलिन, पियानो आणि डबल बास ही मुख्य मंडळी. ठोका पियानोचा डावा हात आणि डबल बास मिळून देतात, तिकडे कान लावा. बांदोनेऑन हे जर्मनीत जन्मलेलं वाद्य आहे. भाता आणि धातूच्या रीड, म्हणजे आपल्या पेटीचाच भाऊबंद. आपण पेटी भजनाला बसवली, त्यांनी बांदोनेऑन टँगोला. ज्यांच्या घरी पेटी होती त्यांना त्याचा श्वास लवकर कळतो असा माझा अनुभव आहे.

सरावाला वाद्यवृंदप्रमुख कार्लोस दी सार्ली लावा, 1950च्या दशकातली वाद्यसंगीताची रेकॉर्डिंगं. ‘बाईया ब्लांका’ ही त्याच्या गावाच्या नावाची रचना चालायला शिकण्यासाठीच केली असावी असं वाटावं इतकी मोकळी आहे. ठोका स्पष्ट आणि घाई अजिबात नाही. तिच्यावर कान बसला की हुआन दारिएन्सो. त्याला ‘एल रेय देल कोम्पास’, ठोक्याचा राजा, म्हणायचे. 1935च्या शेवटी रोदोल्फो बियाजी त्याच्याकडे पियानोवर आला आणि त्या वाद्यवृंदाने लोकांना पुन्हा नाचायला उठवलं. त्यावर उभं राहणंच अवघड, पाय आपोआप निघतात. पण सुरुवातीलाच लावलंत तर धावायला लागाल. फ्रान्सिस्को कानारोचं 1935चं ‘पोएमा’ मध्ये कधीतरी ऐका, गोड आहे. ओस्वाल्दो पुग्लिएसे आत्ता नको. तो ताल ताणतो, थांबतो, पुन्हा सोडतो, आणि एका पायावर निवांत उभं राहता येत नसेल तर त्याच्या थांबण्यात तुमची फजिती होते. आस्तोर पियात्सोला ऐकायला अफाट, पण मिलोंगात सहसा वाजत नाही.

बहुतेक गाणी तीन मिनिटांच्या आसपास असतात, 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. शेवटी दोन ठोके येतात, त्याला तिकडे ‘चान-चान’ म्हणतात. त्या दोन ठोक्यांना पाय जुळलेले आणि भार एका पायावर असेल तर आधीचं अर्धं गाणं चुकलं असलं तरी समोरची व्यक्ती हसते. मी वर्गात सगळ्यात आधी हेच ऐकायला लावते.

एक गोष्ट क्लासमध्ये राहून जाते. मिलोंगात गाणी तांद्यात येतात, म्हणजे एकाच वाद्यवृंदाच्या साधारण चार टँगोंचा संच, मग कोर्तिना नावाचा भलत्याच संगीताचा तुकडा, तेव्हा सगळे जागेवर परततात. वाल्स (टँगोतला वॉल्ट्झ) किंवा मिलोंगा या प्रकारांची गाणी असतील तर बहुधा तीनच. (हो, मिलोंगा हे नाचाच्या कार्यक्रमाचंही नाव आणि एका चपळ तालाचंही. त्याला इलाज नाही.) एका जोडीदाराबरोबर पूर्ण तांदा नाचायचा. विचारायचं ते डोळ्यांनी: लांबून नजर भिडली, मान किंचित हलली, समोरून होकार आला की उठायचं. याला काबेसेओ म्हणतात. नकार द्यायचा असेल तर नजर दुसरीकडे, कोणाचा अपमान नाही.

ब्युनोस आयर्समध्ये माझी दुसरीच संध्याकाळ. एका सत्तरीच्या आजोबांनी काबेसेओ केला. पहिलं गाणं सुंदर झालं. आपल्या संस्कारांप्रमाणे मी मनापासून ‘ग्रासियास’ म्हणाले. आजोबांचा चेहरा पडला. त्यांनी मला अदबीने टेबलापर्यंत सोडलं आणि गेले. तांद्याच्या मध्ये आभार मानणं म्हणजे ‘पुरे झालं, थांबू या’, हे मला शेजारच्या बाईने सांगितलं तेव्हा उरलेली तीन गाणी वाजत होती आणि मी खुर्चीत बसून ऐकत होते. आभार चौथ्या गाण्यानंतर. गाण्यांच्या मध्ये काय करायचं? तिथे लोक नवीन गाणं सुरू झाल्यावरही वीस-तीस सेकंद उभे राहून गप्पा मारतात, हवापाण्याच्या. मग कोणीतरी हात पुढे करतं. बिया उर्किसा भागात सुंदरलांद नावाचा क्लब आहे, तिथे बास्केटबॉलच्या कोर्टावर मिलोंगा भरते. कडेने टेबलं, मध्ये नाचणारी म्हातारी जोडपी, आणि गाणं सुरू झालं तरी सगळं कोर्ट स्तब्ध उभं. मग एकदम सगळे हलतात. तिथे मी तासभर फक्त पाय बघत बसले होते. पंचाहत्तरीची माणसं फार काही करत नव्हती, चालत होती. पण प्रत्येक पावलाला भार पोचलेला असायचा.

किती दिवस लागतील हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळे विचारतात. आठवड्याला एक क्लास, एक प्राक्तिका आणि घरी पंधरा मिनिटं धरली तर सहा महिन्यांत एका तांद्यात न घाबरता चालता येतं. लीडरला सुरुवातीचं वर्ष जड जातं, फॉलोअरला दुसरं. मला लीड करताना पहिला तांदा मनासारखा व्हायला दीड वर्ष लागलं होतं आणि तेव्हा मी आधीच बरीच वर्षं नाचत होते.

पुढच्या मिलोंगाला जाल तेव्हा पहिले दोन तांदे बसून बघा. मग ओळखीच्या, क्लासमधल्याच कोणालातरी विचारा आणि दी सार्ली वाजत असतानाच विचारा. आठ पावलं, क्रॉस, ओचो, यातलं काहीही करायचं नाही. जागेवर वजन बदलणं, बाजूचं एक पाऊल, पुढे चालणं, एवढंच. समोरची जोडी थांबली तर तुम्हीही थांबा आणि जागेवर वजन बदलत राहा. तिला कंटाळा येईल ही भीती काढून टाका, माझ्या फॉलोअर मैत्रिणींना विचारलं तर त्यांना दहा आकृत्या करणाऱ्यापेक्षा नीट चालणारा हवा असतो.

बुटांवर पहिले तीन-चार महिने पैसे घालू नका. चामडी तळव्याचे जुने ऑफिसचे बूट असतील तर ते उत्तम. स्पोर्ट्स शूजच घालायचे असतील तर जुन्या मोज्याचा पुढचा भाग कापून बुटाच्या पुढच्या भागावर चढवा, वळताना गुडघा वाचतो. दिसतं विचित्र, पण आमच्या वर्गात निम्मे लोक तसेच नाचतात. गुळगुळीत ग्रॅनाइटवर मात्र मोजे चढवू नका, तिथे साधे बूटच ठीक.